काळविटाचा उजवा कान

करून करून भागले आणि देवपूजेला लागले, ही म्हण वारंगा फाट्यावर कुणी काढली की लोक आधी मागं वळून बघायचे, संपतराव मालक उभे नाहीत ना म्हणून. मालकांची फाट्यावर तेलगिरणी होती, दारात जीप होती, आणि त्या जीपनं आसपासच्या माळांवरची किती हरणं उचलून आणली होती याचा हिशेब खुद्द हरणांनाही लागला नसता. पण शिकारबंदीचा कायदा आला आणि मालकांनी बंदूक गादीखाली सारली, मोडून टाकली नाही. पुढं दोन-तीन वर्षांत ते असे काही बदलले की बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस जन्मला तोच पाडसांना पाला चारत. गिरणीतल्या करडईच्या तेलाला त्यांनी 'काळवीट छाप' असं नाव दिलं. डब्यावर छापून घेतलं, 'मुकी जनावरं वाचवा'. जंगलखातं भल्या माणसांना वन्यप्राण्यांचा मानद रक्षक म्हणून नेमतं, असं त्यांच्या कानावर आलं होतं, आणि ते पद त्यांना हवं होतं. मानासाठी माणूस काय करत नाही? मालकांनी जनावरांवर प्रेम केलं.

त्या प्रेमाचं एक मोठं चित्र गिरणीच्या फाटकावर लागायला हवं होतं. म्हणून शहात्तर साली दिवाळी झाल्यावर त्यांनी कळमनुरीहून पेंटर बोलावला.

पेंटर म्हणजे ग्यानोबा. ट्रकच्या पाठीवर मोर आणि कमळं, दुकानांच्या पाट्या, लग्नाच्या घरावर गणपती, असं काही ना काही रंगवून पोट भरणारा तिशीतला गडी. बोलणं कमी. पाटीच्या कोपऱ्यात सही करायचा, 'जी. एस. पेंटर'. त्यातला एस कोण, हे मालकांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं, सटवाजी. साखऱ्याचा सटवाजी धनगर, माझा बाप. आणि सांगूनही मालकांना काही उलगडलं नसतं. ज्या माणसाचं वाटोळं केलं त्याचं नावसुद्धा त्यांना ठाऊक नव्हतं.

मालकांनी त्याला बैठकीत नेलं. समोरच्या भिंतीवर पेंढा भरलेलं एका काळविटाचं मुंडकं होतं. शिंगं लांब, पिळदार, डोळ्यांच्या जागी काचेच्या गोट्या.

"हे बघून काढायचं," मालक म्हणाले. "हुबेहूब पाहिजे. आजोबांच्या वेळची शिकार आहे, निजामाच्या राज्यातली. खात्यालाही तसं लिहून दिलंय."

ग्यानोबानं शिंगं बघितली, मान बघितली, मग कान बघितले. उजव्या कानाच्या खालच्या कडेला दोन खाचा होत्या, मधे बोटभर कान. बसा म्हणायची वाट न बघता तो खाली फरशीवर बसला.

धनगरांत दर घराची एक खूण असते. कोकरू चांगलं हिंडूफिरू लागलं की त्याचा कान कापून ती खूण करतात. मग ते दुसऱ्याच्या कळपात मिसळो की बाजारात चुको, बघणारा सांगतो, हे अमक्याचं. उजवा कान, दोन खाचा, ही सटवाजीच्या घराची खूण, पणजापासून चालत आलेली. आणि त्या खुणेचं, पण मेंढरू नसलेलं, असं एकच जनावर आजवर झालं होतं. ते म्हणजे सुभान.

सुभान हे हरणाचं पाडस. त्याची आई कुत्र्यांनी फाडली होती. ग्यानोबाच्या आईनं, जनकाबाईनं, ते माळावरून पदरात आणलं आणि शेळीला लावून वाढवलं. बाजारातल्या सुभान पहिलवानासारखी मान ताठ ठेवून चालतो, म्हणून त्याला ते नाव पडलं. अंगात काळेपणा उतरायला लागला, शिंगं पीळ घ्यायला लागली, तेव्हा सटवाजी म्हणाला, हे आपलं नव्हं, देवाचं. त्यानं त्याच्या कानाला घरची खूण केली, पंचांना बोलावून त्यांच्या हातानं माथ्याला भंडारा लावला आणि बिरोबाच्या नावानं त्याला माळावर सोडलं. देवाला सोडलेल्या जनावराला कुणी हात लावत नाही. ज्यानं सोडलं त्यानंच मारलं तर तो माणूस जातीतून उठला. सुभान माळावर राही, पण दिवस कलला की मेंढवाड्याच्या कुडापाशी येऊन उभा राही, जनकाबाईच्या तळहातावरचं मीठ चाटायला.

एक दिवस तो आला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या कातड्याचा गुंडाळा सटवाजीच्या मेंढवाड्यात कुडाखाली सापडला. सापडला म्हणजे काय, जंगलखात्याचा गार्ड रस्ता न विचारता सरळ तिथं आला, कुणीतरी बोट दाखवून पाठवावं तसा. कायदा नवा होता, खात्याला पहिला गुन्हेगार हवा होता. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय? सटवाजी काही महिने तुरुंगात राहून आला. तो तुरुंग एक वेळ बरा म्हणायचा. सुटून आला तर पुसेगावचा भिवाजी, पंचांतला सगळ्यांत थोर, पारावर बसलेला होता. देवाचं जनावर खाल्लं, म्हणून त्यानं सटवाजीला वाळीत टाकलं.

सटवाजी एकच सांगत राहिला, "मुंडकं हुडका. ज्याच्याकडं मुंडकं, त्यानं मारलं." मुंडकं हुडकायचे कष्ट कुणी घेतले नाहीत. सटवाजीच्या घरच्यांनी पाणी भरू नये म्हणून धनगरांच्या विहिरीवर माणूस बसवला गेला. त्याच उन्हाळ्यात जनकाबाई तापानं आजारी पडली. ग्यानोबा लांबच्या ओढ्यात झिरा खणून, फडक्यानं गाळून पाणी आणायला गेला. तो परत येईपर्यंत ती पाणी पाणी करत गेली होती. विहीर तिच्या खाटेवरून दिसत होती.

तेव्हापासून ग्यानोबाच्या मनात दोनच गोष्टी होत्या. ज्यानं सुभान मारला त्याला चारचौघांत उघडा करायचा, आणि बापाला पुन्हा पंचांच्या पंगतीत बसलेला बघायचा. पैकी पहिली गोष्ट आता समोर गादीवर बसून पान लावत होती.

"काय रे, चक्कर आली का?" मालकांनी विचारलं.

"न्हाई मालक. उपाशी हाय जरा."

मालकांनी चहा मागवला आणि कौतुकानं मुंडक्याकडं बघितलं. "काय जनावर होतं सांगू! जीप बघून बुजलंच नाही. बाकीची उधळली, हे उलट जवळ आलं. पार चार हातांवर. मान पुढं करून उभं राहिलं, काहीतरी मागितल्यासारखं." मग त्यांना आपण काय बोलतोय ते कळलं असावं. "म्हणजे, आजोबा सांगायचे."

निजामाच्या राज्यात आजोबांकडं जीप होती म्हणायची. ग्यानोबानं चहाचा कप तोंडाला लावला, कारण तोंडाला काहीतरी लावणं भाग होतं. सुभान मीठ मागत होता. त्याला माणूस म्हणजे मीठ एवढंच माहीत होतं. त्या क्षणी ग्यानोबाच्या हाताशी कोयता असता तर ही गोष्ट इथंच संपली असती आणि मालकांच्या नावानं फाट्यावर शोकसभा झाली असती. पण त्याच्या हाताशी कप होता. आणि ओरडून काय होणार, हेही त्याला कळत होतं. मुंडकं त्याच रात्री गिरणीच्या भट्टीत गेलं असतं, आणि धनगराच्या पोरानं आळ घेतला म्हणून त्यालाही आत टाकलं असतं. त्यानं चहा संपवला.

"कान तेवढा नीट काढ," मालक म्हणाले. "हा बाभळीत फाटलाय. चित्रात फाटका कान बरा दिसत नाही."

"काढतो की. आख्खा काढतो."

पुढं तो गिरणीच्या मागच्या पडवीत कामाला लागला. पत्र्यावर लाल अस्तर दिलं, सुतळीनं चौकोन पाडले. मालक दिवसातून एकदा येऊन बघून जायचे. मुंडकं त्यानं शेजारी मांडून घेतलं होतं, पण काढला तो आठवणीतला सुभान, कुडापाशी मान पुढं करून उभा असलेला. छातीचा पांढरा, पाठीचा काळा, मधली ती विटकरी कड, सगळं हाताला आपोआप येत गेलं. आठवण इतकी बराबर होती की कधीकधी त्याला रंग थांबवून बाहेर जावं लागे. मागं सगळा माळ आणि वर फिकट निळं आभाळ. कान अख्खा काढला, मालकांच्या मर्जीप्रमाणं. डोळा मात्र कोरा ठेवला.

"डोळा?" मालकांनी विचारलं.

"आमच्या कामात रीत हाय मालक. देवाचं चित्र असू द्या न्हाईतर जनावराचं, चित्र जाग्यावर चढवल्यावरच डोळा उघडायचा. नारळ फुटला की, लोकांच्या म्होरं. बुबुळात पांढरा ठिपका पडला की मंग त्यात जीव येतो."

ही रीत खरीच होती, ग्यानोबाच्या उस्तादानं शिकवलेली. मालकांना ती फारच आवडली. जंगलखात्याचे साहेब बसलेले आहेत, आपण हात जोडून उभे आहोत आणि वर काळवीट डोळे उघडतंय, हे त्यांना समोर दिसायलाच लागलं.

ग्यानोबानं लोखंड तापलंय हे ओळखलं. "मालक, हे मुंडकंबी तिथं मांडा. शेजारी शेजारी दिसलं म्हंजे लोक म्हनतील हुबेहूब. अन् साहेबालाबी कळंल, आजानं मारलं, नातू राखून राहिला."

"वा," मालक म्हणाले, आणि ते वाक्य त्यांनी भाषणासाठी पाठ केलं. फासात मान घालताना माणूस कॉलर नीट करतो, तसली गत.

बाजाराचा दिवस ठरला. येणाऱ्या प्रत्येकाला काळवीट छाप तेलाची बाटली फुकट, अशी मालकांनी गावोगाव दवंडी दिली. फुकटचं तेल म्हटल्यावर लोक येणारच. तरी ग्यानोबा स्वतः पुसेगावला भिवाजीच्या दारात गेला. उंबऱ्याबाहेर उभा राहिला, कारण आत घेणार नव्हतं कुणी.

"आबा, बाजाराला या. म्या एक चित्र काढलंय."

"तुझं चित्र बघून मला काय करायचंय?" भिवाजी म्हणाला. पण त्याची म्हातारी, सोजराबाई, आतून म्हणाली की तेल मिळून राहिलंय तर जायला काय हरकत हाय. झालं. पंचांचा पंच बायकोपुढं गप्प बसला.

बापाला आणणं जास्त अवघड गेलं. सटवाजीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. "काहून येऊ? चित्र मला दिसनार हाय व्हय?"

"दिसनार न्हाई. पर या."

बाजाराच्या दिवशी चित्र फाटकावर चढलं आणि समोर मंडप पडला. माणसांमागं मेंढरं, मेंढरांमागं मोटारी अडकलेल्या. टेबलावर मुंडकं, त्यावर झेंडूचा हार. साहेब खुर्चीवर. धनगर आपल्या कांबळ्या घेऊन एका अंगाला बसले होते, आणि त्यांच्यापासून पार लांब, बाभळीखाली, सटवाजी एकटा काठी टेकून उभा होता. ग्यानोबानं एकदा तिकडं बघितलं आणि शिडी चढला.

मालकांचं भाषण झालं. आजानं मारलं, नातू राखतो आहे, या वाक्याला टाळ्या मिळाल्या. नारळ फुटला. ग्यानोबानं बुबुळात पांढरा ठिपका दिला आणि खरोखर काळविटाला नजर आली. लोक टाळ्या वाजवत राहिले. तो उतरला नाही. त्यानं खिशातून दुसरा कुंचला काढला, डबीच्या झाकणात कालवून आणलेला आभाळाचा फिकट निळा रंग घेतला आणि उजव्या कानाच्या खालच्या कडेवर दोन फटकारे मारले. त्या कडेतून दोन जागी आभाळ आत शिरलं, मधे बोटभर कान राहिला.

"अरे, काय करतोस?" मालक खालून ओरडले. "कान कशाला नासवतोस?"

धनगरांच्या अंगाला माना वर झाल्या. मग सोजराबाई उठून उभी राहिली. "अगं बया," ती म्हणाली, "ह्यो तर जनकीचा सुभान."

"मालक, तुमीच म्हनला व्हतात हुबेहूब," ग्यानोबा शिडीवरूनच म्हणाला. "टेबलावरच्या मुंडक्याचा कान बघा म्हनावं साहेबाला."

भिवाजी टेबलापाशी गेला. हार बाजूला करून त्यानं तो वाळका कान दोन बोटांत धरला. "साहेब, ही खूण साखऱ्याच्या सटवाजीची. हरनाला ही खूण एकदाच झाली. म्या सोत्ता भंडारा लावला व्हता त्याला, चार-पाच सालामागं."

साहेब मालकांकडं वळले. "हे तुमच्या आजोबांच्या वेळचं, असं लिहून दिलंय तुम्ही."

"त्यांच्याच वेळचं," मालक म्हणाले. "खूण कसली? बाभळीत फाटलाय तो."

"देवाचं जनावर मारलं ह्यानं," मागून कुणीतरी म्हणालं. धनगर उठून पुढं सरकले होते. काठ्या कुणी उगारल्या नव्हत्या, पण सगळ्यांच्या हातात होत्या. मालकांनी ती गर्दी बघितली आणि त्यांचा सगळा शहाणपणा पातळ झाला, शुद्ध बोलणंही सुटलं.

"मी मारलं तवा मला काय ठाव ते देवाचं हाय म्हणून!" ते म्हणाले. "कातडंबी मी कुणाच्या वाड्यात टाकायला सांगितलं न्हाई, गार्डला म्हनलं जवळच्या एखाद्या..." आणि मग ते थांबले, पण थांबायची वेळ टळून गेली होती.

जवळच्या एखाद्या. ग्यानोबा शिडी धरून उभा होता. म्हणजे वैरही नव्हतं. रस्त्यात पहिला आला तो मेंढवाडा. त्याची आई त्या एका शब्दामुळं गेली होती. तरीही त्याला आनंद झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. मालकांचा चेहरा वरून बघताना त्याला झालेला आनंद इतका होता की तो शिडीवरून उतरायलाच तयार नव्हता.

मालकांचं पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकलेलं बरं. साहेबांनी मुंडकं कापडात बांधून नेलं, गार्ड घरी बसला, खटला वर्षानुवर्षं चालला. कोर्टाचं कोर्ट जाणे. पण त्या हंगामापासून एकाही धनगरानं मालकांच्या रानात मेंढरं बसवली नाहीत, आणि खताविना त्या काळ्या जमिनीचा कस उतरत गेला. काळवीट छाप तेलाला लोक मुंडकं छाप म्हणू लागले. बायका म्हणत, त्या तेलात तळलेलं घशाखाली उतरत नाही. मानद रक्षकाचं पद दुसऱ्या कुणाला तरी गेलं.

त्या दिवशी मात्र अजून एक काम उरलं होतं. भिवाजीनं माणसं पाठवून सटवाजीला बाभळीखालून आणवलं. म्हातारा आला, टेबल चाचपत चाचपत मुंडक्यापर्यंत पोचला. त्याचा अंगठा कानाच्या कडेवरून फिरला, पहिल्या खाचेत थांबला, दुसऱ्या खाचेत थांबला. तळहात त्यानं मुंडक्याच्या तोंडापाशी नेला आणि थोडा वेळ तसाच धरून ठेवला.

"सटवाजी," भिवाजी म्हणाला, "चूक झाली आमची. पंचांकडून झाली. आजपासून तू आमच्यात. जेवन तुझ्याच घरी करू."

वाळीतून परत घ्यायची रीत ठरलेली होती. पंचानं आपल्या हातानं पाण्याचा तांब्या द्यायचा आणि परत येणाऱ्यानं तो सगळ्यांसमोर प्यायचा. सोजराबाईनं तांब्या भरून आणला. ग्यानोबा आता शिडीवरून उतरला होता. याच घटकेसाठी त्यानं ते सगळे दिवस मालकांचा चहा प्यायला होता. बाप तो तांब्या तोंडाला लावताना त्याला अगदी जवळून बघायचा होता.

सटवाजीनं तांब्या घेतला. "भिवाजी," त्यानं विचारलं, "मुंडकं हुडका म्हनत व्हतो मी. व्हय की न्हाई?"

"व्हय."

"मंग काहून हुडकलं न्हाई?"

एवढ्या बाजारात, एवढ्या माणसांत भिवाजी आपल्या जुन्या पायतणांकडं बघत उभा राहिला. शेवटी तो खाली वाकला, गुडघे टेकले, आणि पांढऱ्या केसांचा तो माणूस सटवाजीच्या पायापाशी मातीत नाक घासायला लागला. हे वाळीत टाकलेल्यानं करायचं असतं, पंचानं नाही. कुणीतरी त्याला उठवायला पुढं आलं.

"घासू द्या त्याला," सटवाजी म्हणाला.

भिवाजी उठला तेव्हा त्याच्या नाकाला माती होती आणि डोळ्यांत पाणी. "पी आता," तो म्हणाला. "झालं गेलं सोड."

ग्यानोबानं बापाच्या कोपराला हात लावला. "प्या, बा."

सटवाजीनं तांब्या हातात तोलून बघितला, किती भरलाय ते. मग चाचपत भिवाजीचा हात धरला आणि तो भरलेला तांब्या त्याच्या हातात परत ठेवला.

"हे आधी जनकाबाईला पाजा," तो म्हणाला. "ती प्याली की मला सांगा. मंग मी पितो."

त्यानं काठी घेतली आणि रस्त्याची दिशा विचारली. ती सोजराबाईनं सांगितली. भिवाजी तांब्या धरून उभाच राहिला.